अण्णाबरोबर कारवारला

पितृपक्षात कुणी फिरायला जात नाही. शेजारच्या वहिनींनी हे मला कुंपणावरून दोनदा सांगितलं आणि त्यात त्यांचं काही चूक नव्हतं. पण कारवारला जायचं तर याच पंधरवड्यात, असा अण्णाचा हट्ट होता. अण्णा सहसा हट्ट करत नाही, म्हणून मी वाद घातला नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. बेळगुंदीला राहतो, वाटणीला आलेल्या दीड एकरात रताळी आणि भात करतो. मी बेळगावात. एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवून जूनमध्ये निवृत्त झाले. समुद्र मी चार वेळा बघितला होता, पण चारही वेळा शाळेच्या सहलीबरोबर, म्हणजे पाण्याकडं पाठ करून मुलांची डोकी मोजत. आता एकदा नुसतं बसून बघायचा, एवढीच माझी इच्छा होती. कारवार जवळ, आणि तिथला किनारा फार देखणा म्हणतात, म्हणून कारवार ठरवलं.

अण्णाला मी बरोबर चल असं म्हटलंच नव्हतं. फक्त लॉज कुठलं बरं ते विचारलं होतं, कारण त्याला ते गाव ठाऊक होतं. सतरा वर्षं तो बेळगावच्या मार्केटातनं कोबी, बटाटा, मिरची भरून कारवारला टेम्पो नेत असे. मग अकरा वर्षांपूर्वी एका थंडीच्या पहाटे, कारवार सात-आठ किलोमीटरवर राहिलं असताना, नदीकाठच्या रस्त्यावर धुक्यात सायकलवरचा एक माणूस त्याच्या गाडीखाली आला. अण्णानं त्याला उचलून आपल्याच गाडीतनं इस्पितळाकडं नेलं. माणूस वाटेतच गेला. खटला पाच वर्षं चालला, अण्णा निर्दोष सुटला आणि त्याच महिन्यात त्यानं टेम्पो विकला. त्यानंतर कारवारचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे.

त्यामुळं आठ दिवसांनी त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "शालन, मीबी येतो," तेव्हा मला बरं वाटलं. माणूस सावरला, असं मी समजले.

घाट उतरताना

खानापूर सोडलं की झाडी सुरू होते आणि जोयड्याच्या पुढं तर रस्ता हिरव्या बोगद्यातनं गेल्यासारखा जातो. पाऊस संपत आला होता, पण डोंगरांतलं पाणी अजून आटलेलं नव्हतं. अणशीच्या घाटात प्रत्येक वळणावर एखादा धबधबा, त्याच्या खाली काळे ओले कातळ, आणि ढग इतके खाली की ड्रायव्हरनं भर सकाळी दिवे लावलेले. बसमध्ये आम्ही दहा-बारा माणसं. बऱ्याच जणांनी डोळे मिटले होते.

अण्णानं मात्र मला खिडकीपाशी बसवून वाट दाखवली. इथं चहाची टपरी होती, ती म्हातारी मिरची घ्यायची आणि बदल्यात चहा द्यायची. इथं एकदा टायर फुटला आणि सगळा कोबी घरंगळत दरीत गेला. या वळणावर हॉर्न दिलाच पाहिजे. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी जेवढं बोलला नसेल तेवढं त्या दीड तासात बोलला. मी हसत होते. आमच्याकडं बेळगावात माळ आणि शेतं दूरवर दिसतात, माणसाची नजर मोकळी धावते. इथं नजरेला कुठंच जाता येत नाही, झाडावर आपटून परत येते. असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, गाडी चालवणाऱ्याला तेच बरं असतं.

कद्र्याचं धरण मागं पडलं आणि काळी नदी रस्त्याला येऊन भिडली. नदी रुंद होत गेली, काठाला माड आले, चिखलात पाय रोवून उभी असलेली खारफुटी आली. मी बघण्यात गुंग होते. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की अण्णा गप्प झाला आहे. तो उठला आणि पलीकडच्या, डोंगराकडच्या खिडकीशी जाऊन बसला. कारवारच्या स्टँडवर गाडी थांबेपर्यंत तिथनं हलला नाही.

शुक्रवार, किनारा

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कारवारात समुद्र शोधावा लागत नाही. गावाला खेटून हमरस्ता, रस्त्याला खेटून सुरूची झाडं, आणि झाडांच्या पलीकडं थेट पाणी. खाडीत लहान बेटं आहेत, एकावर दीपगृह आहे. दूर करड्या रेघेवर नौदलाची जहाजं उभी असतात. दक्षिणेला डोंगर समुद्रात उतरतात. उन्हाळ्यात, थंडीत हे सगळं निळं दिसत असणार. आम्हाला मात्र सगळं एकाच रंगाचं मिळालं, राख पाण्यात कालवल्यासारखं. होड्यांच्या सफरी अजून सुरू झालेल्या नव्हत्या. भेळेच्या गाड्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या. किनाऱ्यावर माणसांपेक्षा कुत्री जास्त.

लॉजचे मालक माझ्याशी मराठीत बोलले, फोनवर कन्नडात आणि आतल्या आचाऱ्याशी कोकणीत, आणि तिन्हींमध्ये त्यांचा आवाज सारखाच होता. आमच्याकडं पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून बाजार बंद पडतो. मी हे त्यांना सांगितलं तर त्यांना ते खरं वाटेना.

संध्याकाळी मी पाण्यात पाय घालून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाची डोकी मोजायची नव्हती. लाट आली, घोट्यापर्यंत भिजवून गेली, मोठं सुख झालं. मागं वळून बघते तो मी काढून ठेवलेल्या चपलांपैकी एक जागेवर नाही. ती चार हातांवर पाण्यात डुलत होती, आणि मी हात पुढं करेपर्यंत दुसऱ्या लाटेनं तिला आत ओढलं. अण्णा वर वाळूत बसला होता, त्याला मी हाक मारली. तो आला नाही. समुद्राकडं बघतही नव्हता. उत्तरेला नदी जिथं समुद्राला मिळते तिकडं त्याचं तोंड होतं. मी एका पायात चप्पल घालून बाजारात गेले आणि हिरव्या रबरी सपाता विकत घेतल्या.

जेवताना उकड्या तांदळाचा भात, बांगड्याची आमटी आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं, ओल्या खोबऱ्यात परतलेलं. आम्ही बासमतीच्या मुलखातली माणसं, तो जाड तांबूस भात आधी घशाखाली उतरेना. पण आमटी पडल्यावर त्याची खरी चव कळली. तिसऱ्या तर मी बोटं चाटून खाल्ल्या. अण्णानं आपली वाटी हातानंच बाजूला सारली. पोट बिघडलं का, असं मी विचारलं.

"तो माणूस तिसऱ्या घेऊन निघालता," अण्णा म्हणाला. "नदीतनं काढलेल्या. पोतं फुटून सगळ्या रस्ताभर झालत्या."

मी माझीही वाटी पुढं ढकलली.

शनिवार, सदाशिवगड

काळीच्या पुलापलीकडं सदाशिवगड आहे. गड म्हणजे आता थोडी तटबंदी आणि माथा, पण वरून जे दिसतं त्यासाठी चढावं. एका हाताला समुद्र, एका हाताला नदी, आणि दोन्ही जिथं मिसळतात तिथं पाण्यावर गढूळ तांबड्या रंगाचा पट्टा. हौसेनं आलेलं एक जोडपं फोटो काढत होतं, पण वाऱ्यानं त्यांची छत्री उलटी केली आणि ती हसत खाली पळाली. मग वर आम्ही दोघंच राहिलो.

अण्णानं नदीकडं बोट केलं. आत, डोंगरांकडं, पाणी दोनदा वळतं. दुसऱ्या वळणाच्या पलीकडं ते गाव आहे, असं तो म्हणाला. गावाचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही.

मग त्यानं मला सांगितलं, की तो समुद्र बघायला आलेला नाही.

निकाल लागला त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर त्या माणसाची बायको त्याच्या समोर आली होती. पाच वर्षं प्रत्येक तारखेला ती बाकावर बसायची, पण कधी एक शब्द बोलली नव्हती, शिव्याही दिल्या नव्हत्या. त्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, की गाडीत असताना ते काही बोलले का. वकिलानं अण्णाला बजावून ठेवलं होतं, त्या बाजूच्या कुणाशी काही बोलायचं नाही. अण्णा मान खाली घालून तिच्या बाजूनं निघून आला. वकील मागनं म्हणाला, बरं केलंत.

त्याला सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी अण्णा एकटाच बसनं त्या गावच्या स्टॉपवर उतरला होता. तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला आणि समोरून आलेल्या बसनं परत गेला. घरी मात्र निपाणीला पाहुण्यांकडं गेलतो म्हणून सांगितलं होतं.

मी विचारलं, "बोलला होता का तो काही?"

अण्णानं नदीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "घरा सांगू नाका. एवढंच. दोनदा म्हणाला."

कोकणी असली तरी कळायला अवघड काहीच नव्हतं. घरी सांगू नका. तिला सांगू नका म्हणून सांगितलेलं तिलाच कसं सांगायचं, आणि तिनं विचारलेलं असताना कसं नाही सांगायचं, या पेचात हा माणूस सहा वर्षं रताळ्याच्या सऱ्या ओढत होता. मी त्याची सख्खी बहीण, दर दिवाळीला त्याला ओवाळत होते, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

मी त्याला जे सुचवलं ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "अण्णा, तिला म्हण, तुझं नाव घेत होता. तुझं त्यात काय जातं? तिला बरं वाटंल."

"तिचं नाव त्यानं घेतलंच न्हाय गं," अण्णा म्हणाला.

"तिला कुठं कळतंय?"

"ह्या पंधरवड्यात आलोय ते गेलेल्या माणसाचं काम राहू नये म्हणून. त्याच्याच नावावर खोटं घालू?"

मी तरी बोलतच राहिले. शिक्षकाला समजावून सांगायची सवय असते. शेवटी तो म्हणाला, बघतो. गड उतरताना वाट निसरडी होती. मी हात दिला आणि त्यानं तो धरला. असं आमच्यात लहानपणानंतर कधी झालं नव्हतं.

त्या दिवशी कारवारात बघण्यासारखं आणखी बरंच होतं. आम्ही काहीच बघितलं नाही. खोलीच्या खिडकीतनं समुद्र दिसत होता. अण्णानं खाट वळवून घेतली आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

रविवार, नदीकाठ

सकाळी रिक्षा केली. पाऊस नव्हता आणि ऊनही नव्हतं. रस्ता आता रुंद झालाय, अण्णा म्हणाला, तेव्हा एवढा नव्हता. एका जागी रिक्षा सरळ पुढं गेली आणि त्यानं डोळे मिटले, त्यावरून ती जागा मला कळली. बाहेर काहीच वेगळं नव्हतं. एक माड, एक बंद टपरी, कडेला गवत.

गल्ली लाल मातीची, दोन्हीकडं चिऱ्याचे गडगे. तिसरं घर कौलारू. अंगणात एक बाई पाट मांडून बसली होती आणि माडाच्या चुडतातनं विळ्यानं हीर काढत होती. शेजारी बांधलेल्या झाडूंची रास. वय पन्नासच्या आसपास असेल. खरं नाव लिहीत नाही, मालतीबाई म्हणते.

तिनं मान वर केली आणि अण्णाला बघितलं. ओळख पटायला तिला क्षणही लागला नाही. ती उठली, आत गेली, आणि आता बाहेर येणार नाही असं मला वाटलं. पण ती दोन प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आली. पुन्हा आत जाऊन तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. दारी आलेल्याला गूळपाणी द्यायचं, ते तिनं दिलं. अण्णा पाणी प्यायला. मग ती परत पाटावर बसली आणि विळा हातात घेतला.

कारवारकडच्या जुन्या माणसांसारखं तिला मराठी चांगलं येत होतं, शाळा मराठीतच झालेली. मी सुरुवात करायला म्हणून माझी ओळख सांगितली, बेळगावची शिक्षिका, यांची बहीण. तिनं मान हलवली. घरी आणखी कोण असतं ते विचारलं, तर मुलगा गोव्यात कामाला आहे, महिन्यानं येतो, असं तिनं सांगितलं. माझ्या हिरव्या सपातांकडं तिची नजर गेली आणि मला उगाचच त्या पायाखाली दडवाव्याशा वाटल्या.

अण्णा खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. म्हणाला, "त्या दिशी पायरीवर तुम्ही मला एक इचारलं हुतं. मी बोललो न्हाय."

तिचा विळा थांबला नाही. "होय," ती म्हणाली.

मी अण्णाकडं बघत होते. तो काय सांगणार हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, आणि माझ्या मते त्यालाही नव्हतं.

"घरा सांगू नाका, असं म्हणाले. दोनदा. दुसरं काय न्हाय."

आता विळा थांबला. पात्याला चिकटलेली हिरवी साल तिनं बोटानं पुसून काढली. पलीकडच्या घरातनं उदबत्तीचा वास येत होता. तिथं कुणाचा तरी पक्ष असावा, कौलांवर कावळे जमले होते.

"आमचं बोलणं नव्हतं तेव्हा," ती म्हणाली. "दोन दिवस. मी बोलत नव्हते."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, तुम्हाला काळजी नको म्हणून म्हणाले असतील हो, माणूस दुखण्यातही घरच्यांचाच विचार करतो. मी आणखीही काही बोलले असेन. तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

"तसंही असेल," ती म्हणाली.

मग तिनं अण्णाला विचारलं, की तेव्हा ते कुठं होते, मागं भाजीत टाकलं होतं का. आवाजात राग नव्हता. इतकी वर्षं मनात एक चित्र होतं आणि ते बरोबर आहे की नाही एवढं तिला तपासायचं होतं, असं मला वाटलं.

"न्हाय, न्हाय," अण्णा म्हणाला. "पुढं. माझ्या शेजारी बसवलं हुतं. बसता येत नव्हतं, म्हणून मान माझ्या खांद्यावर घेतली हुती. एका हातानं धरून एका हातानं गाडी चालवत हुतो."

"कुठल्या?"

अण्णाला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला. त्यानं डावा खांदा दाखवला.

ती विळा खाली ठेवून उठली. हात पदराला पुसले. अण्णाच्या खुर्चीपाशी आली आणि त्याच्या डाव्या खांद्यावर तळवा ठेवला. दाबला नाही, थोपटलं नाही, नुसता ठेवला. त्याच्या तोंडाकडं ती बघत नव्हती. अण्णा ताठ बसून होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. कावळे उडाले आणि परत बसले, एवढा तरी गेला.

मग हात काढून ती आत गेली. आतनं म्हणाली, की साडेदहाची बस आता येईल, ती गेली तर पुढची दुपारी आहे. आम्ही येतो असं म्हणायलाही तोंड उघडलं नाही. गडग्याच्या फाटकापाशी मी मागं बघितलं, तर दार उघडंच होतं आणि आत अंधार होता.

परत

कारवार सुंदर आहे. ज्यांना जायचं आहे त्यांनी दिवाळीनंतर जावं. पाणी निळं असेल, होड्या सुरू असतील, गाड्यांवरच्या ताडपत्र्या निघालेल्या असतील. सदाशिवगड चुकवू नये. तिसऱ्या खाव्यात, तशा आमच्याकडं मिळत नाहीत.

आम्ही लॉजमधून सामान घेतलं आणि दुपारच्या बेळगाव गाडीत बसलो. नदीकाठचा तो रस्ता पुन्हा आला तेव्हा अण्णानं जागा बदलली नाही. ती गल्लीही गेली, ती बंद टपरीही गेली. घाट चढायला लागला तसा परत पाऊस सुरू झाला आणि कंडक्टरनं खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. काचा धुरकटल्या, बाहेरचं काही दिसेनासं झालं.

मला वाटलं होतं, आता तो मोकळा होईल. रडेल, निदान झोपेल. जोयड्यापर्यंत वाट बघून शेवटी मी विचारलं, "अण्णा, जरा हलकं वाटतंय का?"

त्यानं खरंच विचार केला. मग म्हणाला, "न्हाय गं."

आणि बऱ्याच वेळानं, गाडी खानापूरच्या जवळ आल्यावर, काचेकडं बघत म्हणाला, "आतापातूर ते माझ्या एकट्याकडं हुतं, शालन. आता तिच्याकडंबी हाय."